शाळा सोडण्याचे कारण

अर्जदार — मी, रंगनाथ, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक घनसावंगीच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली. गैरअर्जदार — मीच. जिच्यावर अन्याय झाला ती — प्रतीक्षा, तेव्हा इयत्ता नववी. तिची आई कमलबाई शाळेत खिचडी शिजवते. साक्षीदार दोन — निवृत्त तलाठी देविदासराव, ज्यांना आपण साक्षीदार आहोत याचा पत्ता नाही. आणि शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या साळवे मॅडम, ज्यांना तो पूर्ण आहे. घटनेचा दिवस — संक्रांतीनंतरचा पहिला आठवडी बाजार.

सदर घटना मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही. भावाला नाही. वर्षातून एकदा जांबेला दर्शनाला जातो, समर्थांसमोर हात जोडून उभा राहतो आणि हा विषय सोडून बाकी सर्व बोलतो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हीच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझी कीव करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

प्रथम माझी योग्यता नमूद करतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचे कळणार नाही. सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. वारसनोंद, फेरफार, रेशनकार्ड, बांधाचा वाद — माझ्या हातचा अर्ज असेल तर कारकून दोनदा प्रश्न विचारत नाही. एका तहसीलदाराने भर कचेरीत म्हटले होते की यांचा मसुदा वकिलाला लाजवेल. हे मी बढाईने सांगत नाही — बरे, बढाईनेच सांगतो. ज्याने शिक्षण अर्ध्यावर सोडले त्याला एवढी बढाई माफ असावी.

शिक्षण अर्ध्यावर — म्हणजे दहावी नापास. विषय एकच, इंग्रजी.

आणि माझ्या पाटीवर काय लिहिले आहे? "येथे मराठी, हिंदी व इंग्रजी अर्ज लिहून मिळतील." लिहून मिळत होते, हे खरे आहे. माझ्या आधी त्या जागेवर बसणाऱ्या म्हाताऱ्याची एक जाड वही माझ्याकडे आली. तिच्यात इंग्रजी अर्जांचे पंचवीस-तीस नमुने. नाव बदलायचे, गाव बदलायचे, बाकी अक्षर न् अक्षर तसेच उतरवायचे. मी इंग्रजी लिहीत नव्हतो, चितारत होतो. माणूस देवीचे चित्र काढतो तसे. वाचायला सांगितले असते तर एक ओळ अर्थासह वाचता आली नसती. पण अर्जनवीसाला वाचायला कोण सांगतो? सगळे लिहायलाच सांगतात.

मग साळवे मॅडमनी ते पत्रक काढले.

मॅडम हुशार, हे मान्य करावे लागते. मुलांना इंग्रजी ऐकून कळते का, वाचून कळते का, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. वर्गात त्या छोट्या स्पीकरवर एक उतारा दोनदा ऐकवत आणि मुलांकडून प्रश्नांची उत्तरे लिहून घेत. पण एका वर्गात सत्तर मुले. प्रत्येकाचे वाचन ऐकायला तास पुरेना. म्हणून त्यांनी घरासाठी पाठपोट छापलेल्या इंग्रजी उताऱ्याच्या दोन प्रती दिल्या — एक मुलाला, एक ऐकणाऱ्याला — आणि सोबत चार रकान्यांचे पत्रक. पालकाने मुलाचे वाचन ऐकायचे. नंतर मोबाइलवर पाठवलेली गोष्ट मुलाने ऐकायची आणि मराठीत सांगायची. पालकाने शेरा लिहून सही करायची. पालक शिकलेला नसेल तर एखाद्या शिकलेल्या माणसाकडून भरून घ्यावे, अशी सूचना खाली होती.

शिकलेला माणूस! आमच्या भागात कागद भरायचा म्हटला की लोक कुठे येतात? लिंबाखाली येतात. तो कागद कशाचा आहे, हे कुणी बघत नाही. त्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर नववीतल्या पोरापोरींची रांग लागली आणि मी एकालाही परत पाठवले नाही. का पाठवावे? तोवरच्या बावीस वर्षांत प्रथमच मला कुणी परीक्षक केले होते.

आता माझी पद्धत ऐका आणि हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. उताऱ्याची दुसरी प्रत मी हातात धरी, चष्मा नाकावर घेई, बोट ओळींवरून सावकाश फिरवी आणि कान वेगाकडे ठेवी. जो धडाधड वाचेल त्याला "उत्तम". जो थांबेल त्याला "मध्यम". अर्ज वाचून दाखवताना मी स्वतः कधी थांबत नाही — थांबणारा माणूस कच्चा, असा माझा ठाम समज. एका पोराने तर श्वास न घेता पान संपवले; मी त्याला "अत्युत्तम" लिहून खाली शिक्का मारला. नंतर कळले की त्याला धड मुळाक्षरेही येत नव्हती. तोंडाला येईल ते बडबडला होता. चूक माझी. पण मी विचारतो — त्या पोराला माझ्यासमोर बडबडण्याचे धाडस कसे झाले? कारण त्याने मला ओळखले होते. सर्वांत आधी त्याने, मग प्रतीक्षाने.

बाजाराच्या दिवशी प्रतीक्षा आली. देविदासराव शेजारच्या बाकावर आपल्या फेरफाराची वाट बघत बसले होते. आणखी चार-पाच माणसे होती. तिने वाचायला सुरुवात केली — सावकाश. वाक्य संपले की थांबे. मध्येच मागे जाऊन एक वाक्य पुन्हा नीट वाचे. मला वाटले, कच्ची आहे. मी बोट फिरवत राहिलो. मग ती वाचायची थांबली आणि माझ्याकडे झुकून, अगदी हळू, म्हणाली, "काका, पान पालटा. मी मागच्या पानावर हाय."

हळूच म्हणाली हो. पण देविदासरावांचे कान तलाठ्याचे.

"बगा अर्जनवीस," ते म्हणाले, "पोरगी तुमच्याहून फुडं गेल्ती अन् तुमी अजून बांधावरच."

माणसे हसली. मीही हसलो. मागचे काही राहिले का ते तपासत होतो, असे काहीतरी बोललो. मग तिने मोबाइलवरची गोष्ट ऐकली आणि मराठीत सांगितली — एका बाईची छत्री बसमध्ये राहते, कंडक्टर ती तीन दिवस सांभाळतो, आणि बाई येते तेव्हा म्हणते की छत्री माझी नाहीच, मी तर माझी पिशवी शोधते आहे. सांगताना ती स्वतःशीच हसली. ती खरे सांगत होती की बनवून, हे मला कसे कळावे? मला एवढेच कळत होते की पाच माणसांसमोर माझ्या हातातले पान एका चौदा वर्षांच्या मुलीने पालटले आहे.

मी लिहिले — "वाचन अडखळत. वाचता येत नाही. ऐकून अर्थबोध होत नाही." सही केली. शिक्का मारला. घडी घालून तिच्या हातात दिला.

तुम्ही विचाराल — मुलगी बौद्ध वस्तीतली होती म्हणून? हा प्रश्न मी स्वतःला चार वर्षे विचारू दिला नाही. आज विचारतो. देविदासरावांच्या नातवाने तेच पान पालटले असते तर? मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती आणि चहा पाजला असता. झाले उत्तर. याहून जास्त खोदू नका. याहून कमीही समजू नका.

पुढचे मी केले नाही, पण ते माझ्या शिक्क्याने झाले. वर्गातल्या ऐकण्याच्या चाचणीत प्रतीक्षाची सगळी उत्तरे बरोबर आली होती. वर्गात एकटीचीच. त्या चाचणीवरून जालन्याला महिनाभराच्या निवासी इंग्रजी वर्गासाठी शाळेतून एक नाव जायचे होते, ते तिचे होते. मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. घरी ऐकून अर्थबोध होत नाही, आणि शाळेत ऐकून सगळे बरोबर? याचा अर्थ एकच, मुलीने नक्कल केली — कुणाची, हे कुणी विचारले नाही. तिला कार्यालयात बोलावले. तिची उत्तरपत्रिका रद्द झाली, नाव कापले गेले, आणि नक्कल केल्याचा शेरा वर्गाच्या नोंदीत आला.

दोन दिवसांनी साळवे मॅडम लिंबाखाली आल्या. उभ्याच राहिल्या. पत्रक आणि उतारा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काका, पोरगी कुठं अडखळली, तेवढी ओळ मला दाखवा."

मी बोट ठेवले. ठेवायलाच हवे होते ना? माणसे बघत होती. मॅडमनी त्या ओळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती ओळ उताऱ्यातली नव्हती. तळाशी छापखान्याचा पत्ता होता. हे मला कसे कळले? त्यांनीच सांगितले — आवाज इतका खाली आणून, की दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये. मग म्हणाल्या, "मला तुमचं काही उघडं करायचं न्हाई. फक्त एक ओळ लिहून द्या, की बाजाराच्या गडबडीत नीट ऐकणं झालं न्हाई. तुमच्या शेऱ्यावर लेकराला चोर ठरवलंय."

एक ओळ. तीही मराठीत. अप्रतिष्ठा होणार नाही अशा शब्दांत, मसुदा तयार करून. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतका चांगला मसुदा कुणी केला नव्हता.

आणि मी मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मी शब्द न् शब्द ऐकला आहे, मॅडम. दिलेला शेरा मी फिरवत नसतो."

ही माझी कबुली. शेरा रागाने लिहिला होता; राग उतरतो. पण हे वाक्य मी थंड डोक्याने, समोर दार उघडे असताना बोललो. मॅडमनी कागद उचलले आणि गेल्या. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली — त्यात माझा हात नव्हता, उगीच माझ्या नावावर तेही घालू नका.

गेल्या महिन्यात कमलबाई आली. चार वर्षे झाली होती. प्रतीक्षाने दहावीला शाळा सोडली, एवढे मला उडत उडत ठाऊक होते. जालन्याला मामाकडे राहून कापडाच्या दुकानात काम करत होती. आता तिला बाहेरून परीक्षा द्यायची होती, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता, त्यासोबत शाळा का सोडली याचे लेखी निवेदन हवे होते. मी कागद ओढला. मजकूर मला पाठ आहे. कारणापाशी येऊन थांबलो आणि विचारले, काय लिहू?

"लिवा, घरगुती अडचण."

"आणि खरे?"

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, आंबलेल्या भाताकडे पाहावे तसे. "खरं तुमाला म्हाईत न्हाई व्हय, भाऊ? नकलेचा शेरा आल्ता तवापासून वर्गात तिनं तोंड उघडलं न्हाई. इंग्रजीचा तास आला की पोटात दुखायचं. एक दिवस दप्तरच उचललं न्हाई."

मी म्हणालो, मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा तिने सांगायचे होते. काय सांगायचे होते, ते मी बोललो नाही.

"म्या बी तेच म्हणले. तर म्हणली, काकांना वाचता येत न्हाई हे म्या सांगितलं, तर मंग त्यांच्याकडं कोण येईल."

आता तुम्हाला कळले असेल की हे आज का लिहितो आहे. पश्चात्तापाने? छे. चार वर्षे मी समजत होतो की मुलगी घाबरून गप्प बसली; घाबरलेल्या माणसावर अन्याय करून झोपता येते, मी झोपत होतो. ती घाबरली नव्हती. एका शब्दात सुटू शकत होती आणि तिने तो शब्द माझ्यासाठी गिळला. चौदा वर्षांच्या मुलीच्या दयेवर मी चार वर्षे या टेबलावर बसलो होतो! ती दया मी स्वीकारत नाही. मला विचारल्याशिवाय दिलेली वस्तू मी ठेवून घेत नसतो.

कमलबाईच्या कागदावर मी "घरगुती अडचण" असेच लिहिले. तो तिचा कागद होता आणि तिची तशी इच्छा होती. हा कागद माझा आहे.

सबब विनंती की, सदर मुलीने नक्कल केलेली नाही, अशी नोंद शाळेने करावी. शाळा सोडण्याच्या कारणापुढे "रंगनाथ, अर्जनवीस" असे लिहावे. मला इंग्रजी येत नाही, हे ज्याला वाटेल त्याने वाटेल तिथे सांगावे. मला क्षमा नको, माझी बाजू ऐकणे नको. या अर्जाचा निर्णय लेखी व्हावा आणि तो मला न पाठवता थेट प्रतीक्षाला पाठवावा. मराठीत पाठवा नाहीतर इंग्रजीत. तिला वाचता येते.