बस म्हटलं की बसायचं

सहमच्या समुद्रात त्या शुक्रवारी अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या, दोरीला जी सुरमई लागली, ती आमच्या मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटच्या दारातून सरळ आत आली नसती. शेपटी जिन्यात ठेवून तिरकी करून घ्यावी लागली असती. हे मी इतक्या पार्ट्यांमध्ये सांगितलंय की आता मलाच जिन्यातली ती शेपटी दिसते. खरं सांगायचं तर ती सुरमई कोणी पाहिलीच नाही. अर्बाबने नाही, मी नाही, आणि इंजिनावर असलेल्या माझ्या नागपूरकर मित्राने तर नाहीच. तो त्या वेळी आकाश बघत होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघे एका रस्ते-गटारवाल्या कंपनीत इंजिनिअर. टेबलं समोरासमोर, फोन एक, स्टेपलर एक. मी रायगडचा, तो नागपूरचा. कामात तो माझ्यापेक्षा सरस होता. हे आज लिहितोय. तेव्हा कोणी कानशिलाला बंदूक लावली असती तरी कबूल केलं नसतं. त्याच्या गटारातून पाणी आपणहून वाहायचं. माझ्या गटारातल्या पाण्याला जरा समजवावं लागायचं.

कंपनीची कामं आटली तेव्हा अर्बाबने दोघांना केबिनमध्ये बोलावून कहावा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, पाजला आणि सांगितलं, "मार्च में दोनों का काँट्रॅक्ट खलास. एक आदमी रहेगा, एक जाएगा. कौन, वो मैं सोचेगा. इन्शाल्ला, अच्छा होगा." कोणाचं अच्छा, ते त्याने सांगितलं नाही.

माझी बायको पेणला सासू-सासऱ्यांजवळ सुखात होती आणि मी मस्कतला तिच्याहून सुखात. नोकरी गेली असती तर माझं एवढंच गेलं असतं की मला घरी जावं लागलं असतं. मित्राचं तसं नव्हतं. सहा वर्षं एकट्याने काढून त्याने त्याच वर्षी बायको-मुलीला आणलं होतं. पोरगी इंडियन स्कूलला दुसरीत जायला लागली होती, मराठी बोलताना अडखळायची आणि इंग्रजी अशी फाडायची की बाप आनंदाने गप्प बसायचा. "यार, हिची दहावी इथंच झाली पाहिजे," तो रोज म्हणायचा. स्टेपलर मागतानासुद्धा म्हणायचा.

अर्बाबला जगात दोनच गोष्टींची चाड होती. एक त्याची आई आणि दुसरी सुरमई. दर शुक्रवारी तो सहमला गावच्या घरी जायचा, आईच्या कपाळावर ओठ टेकायचा आणि फायबरची बोट समुद्रात काढायचा. गळ टाकून वाट बघत बसणं त्याला बायकी वाटे. त्याची पद्धत वेगळी: मागे दोन लांब दोऱ्या सोडायच्या, टोकाला चकचकीत खोटा मासा, आणि किनाऱ्याला समांतर बोट हळू, अगदी भरल्या पोटी माणूस चालतो तशी हाकत राहायची. खोटा मासा पाण्यात लंगडत पोहतो, सुरमईला वाटतं आयतं जेवण आलं. ती झडपली की इंजिन लगेच मंद. तेवढं जमलं पाहिजे. वेग तुटला तरच दोरी तुटत नाही.

एकदा मला तो घेऊन गेला होता. मी कोकणातला, म्हणजे दर्यावर जन्मलेला, असा त्याचा समज होता. मीच करून दिलेला. प्रत्यक्षात मी आयुष्यात खाडीच्या चिखलात निवट्या पकडल्या, त्याही चुलतभावाने पकडलेल्या. पण त्या खेपेला मी एक गोष्ट नीट ऐकून ठेवली. मासा लागला की अर्बाब ओरडतो, "बस! बस!" म्हणजे पुरे, थांबव, इंजिन सोड. हिंदीतही तेच, अरबीतही तेच. मराठीत मात्र बस म्हणजे आधी खाली बस.

मग अर्बाब म्हणाला, "अगला जुम्मा तुम दोनों आओ." आम्ही ओळखलं, निवड बोटीवर होणार.

मित्र हादरला. शुक्रवारी सकाळी त्यांच्या लोकांची वंदना असायची, एकेकाच्या घरी. दहा-बारा नागपूर-अमरावतीकडची बौद्ध कुटुंबं, सतरंज्या, मेणबत्त्या आणि नंतर आलूबोंडे. पंचशील तोच म्हणून घ्यायचा. आवाज चांगला होता.

"जीव न मारण्याचं शील मी लोकांना देतो, आणि त्याच सकाळी मासे मारायला जाऊ?" तो म्हणाला.

"पापलेट ओरपतोस तेव्हा शील कुठे जातं?"

"खातो ना. मारतो का?"

"मग तू मारू नकोस. मी आणि अर्बाब मारतो, तू इंजिन धर. गाडी चालवणाऱ्याला पाप लागत नाही."

त्याला ते पटलं. वर म्हणाला, "तू होतास म्हणून सुचलं बे."

वंदना त्या दिवशी दुसऱ्या कुणावर सोपवून पहाटे आम्ही दोघेच निघालो. बर्का गावाच्या पुढे राउंडअबाउटवर राउंडअबाउट. मी त्याला शिकवत होतो. "हे बघ, इंजिनाचा दांडा स्कूटरच्या मुठीसारखा. पिळला की वेग, सोडला की मंद."

"स्कूटर तर आपण पंधरा वर्षं चालवली. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये."

"उत्तम. पण एक लक्षात ठेव. बोटीत उभं राहिलास की बोट उलटते. माझ्या गावचे सतरा लोक असे गेले." सतरा काय, एकही गेला नव्हता. "म्हणून कोणीही 'बस' म्हटलं की विचार करायचा नाही. जिथे असशील तिथे धपकन बसायचं. बस म्हटलं की बसायचं."

"बस म्हटलं की बसायचं," तो म्हणाला. पोरीचे पाढे घेतल्यासारखं दोनदा म्हणाला.

सहमला बर्फ घ्यायला थांबलो. दुकानदार रत्नागिरीकडचा, पांढरी दाढी, गल्ल्यावरूनच माणूस तोलणारा. मित्राचे पॉलिश केलेले बूट बघून तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाव, या माणसाला पाणी ठावूक नाय. याला इंजिनावर कशाला बसवतोस?"

"शिकेल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बर्फ मोजून देण्याऐवजी नुसता पेटीत ओतला.

समुद्र त्या दिवशी तव्यासारखा सपाट होता. मी सांगताना लाटा ताडाएवढ्या करतो, ती गोष्ट वेगळी. अर्बाब मधे रॉड घेऊन, मी पुढे, मित्र मागे दांड्यावर. तो घाबरून सारखा अर्धवट उठायचा, मागे दोऱ्यांकडे बघायचा. मी ओरडायचो, "बस!" तो बसायचा. पुन्हा उठायचा. "अरे बस!" बसायचा. तासाभरात तो असा तयार झाला की मी 'ब' म्हणायच्या आत त्याचे गुडघे वाकायचे. अर्बाब हसत होता. "अच्छा आदमी, बात सुनता है." मला त्या हसण्याची धास्ती वाटली. बोट सरळ चालली होती, वेग अचूक होता. इथेही तो माझ्यापेक्षा सरस निघणार, असं दिसायला लागलं.

आणि रीळ किंचाळलं.

दोरी अशी सुटली की रिळातून धूर निघाला. धूर मी नंतर घातला, पण किंचाळणं खरं. अर्बाब उभा राहिला, पाय रोवले, रॉड कमानीसारखा वाकला. मित्रही उत्साहाने उठला, हात दांड्यावरच. त्याच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! मारायचं नाही म्हणणारा माणूस, पण मासा लागला म्हणून लहान पोरासारखा हसत होता. अर्बाब पाठमोराच ओरडला, "बस! बस! बस!"

मित्र बसला.

असा बसला की मला अजून तो आवाज ऐकू येतो. मागे बसायची फळी होती ती दोन वीत पलीकडे, त्यामुळे तो बसता बसता मागे कोसळला, आणि पडणारा स्कूटरवाला जे करतो तेच त्याच्या हाताने केलं. मूठ घट्ट धरली आणि पिळली. पूर्ण. बोटीने नाक वर केलं आणि उसळी मारली. दोरी तुटल्याचा आवाज फटाक्यासारखा. रॉड समुद्रात. अर्बाब तोंडावर बर्फाच्या पेटीवर, तिथून बाहेर जायच्या बेतात. मी झेप घेऊन त्याला लाटांतून ओढून काढलं, असं जग समजतं. प्रत्यक्षात मी त्याच्या झग्याचं टोक धरलं आणि तो आपोआप आत पडला.

इंजिन बंद झालं तेव्हा अर्बाबच्या नाकातून रक्त येत होतं. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं, मग मित्राकडे. "मैं बोला बस! बस नहीं समझता?"

"बस बोला, तो मैं बैठा ना, सर," मित्र उताणाच म्हणाला.

अर्बाबला त्या वाक्यातलं मराठी कळलं नाही. मला कळलं, आणि मी हसलो. आधी थोडं, मग पोट धरून. माझं बघून अर्बाबही हसला, रक्त पुसत. मित्र आमच्या दोघांकडे बघून तोही हसायला लागला. त्याला वाटलं, भागलं.

रविवारी पत्र आलं. त्याच्या नावाचं.

मी गोष्ट लगेच विकायला काढली. मराठी मंडळींत, हमरियाच्या हॉटेलात, कुणाच्या बारशाला. मित्र स्वतः हजर असायचा आणि हसायचाही. लोक त्याला बघून "बस!" म्हणायचे आणि तो गमतीने बसून दाखवायचा. मोठ्यांचं ऐकून शाळेत पोरांनी त्या 'बस'चं इंग्रजी केलं. त्याच्या पोरीला 'बस ड्रायव्हर' म्हणायला लागले. तिने घरी येऊन विचारलं, "बाबा, तू बस चालवतो?" ही गोष्टही मी पुढच्या पार्टीत सांगितली. खूप हशा आला.

मी पुढे बारा वर्षं राहिलो. दर शुक्रवारी सहमला. इंजिनावर मी. अर्बाब बस म्हणाला की मी मूठ सोडायचो, मासा यायचा, अर्बाब माझ्या पाठीवर थाप मारायचा. दरवेळी मासा टोचून आत घेताना तो तडफडून माझ्या बुटांवर रक्त उडवायचा आणि अर्बाब त्याच्या डोक्यात सोटा घालायचा. मला मासे खायचा कंटाळा आला, पण सांगणार कोणाला? दर्यावर जन्मलेला ना मी.

पण त्याआधी, मार्चमध्ये मित्राचं कुटुंब निघालं त्या सकाळी मी त्यांना सीबच्या विमानतळावर सोडायला गाडी घेऊन गेलो. फ्लॅट रिकामा. पोरगी एका पेटीवर पाय हलवत, शाळेचा टाय लावून; तो काढायला तयार नव्हती म्हणे. वहिनी उरलेल्या दोन कपांत चहा घेऊन आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "बसा ना भाऊजी."

मी इकडे तिकडे पाहिलं. सोफा नव्हता. सोफा दोन दिवसांपूर्वी मीच पिकअप लावून माझ्याकडे नेला होता.

"कशावर बसेल तो?" मित्र हसला. "त्याला बसायचं तर त्याच्या घरी जावं लागेल." मग वहिनी आत गेल्यावर माझ्याजवळ आला. आवाज वंदनेतला, खालच्या पट्टीतला. "एक गोष्ट डोक्यात फिरून राहिली बे. तू आधी एकदा गेला होतास ना त्याच्यासोबत. मासा लागल्यावर तो 'बस' ओरडतो, हे तुला माहीत होतं का?"

मी आयुष्यात ताडाएवढ्या लाटा उठवल्या आहेत, जिन्यात मावणार नाहीत असे मासे पकडले आहेत, सतरा माणसं बुडवली आहेत. त्या दिवशी मला दोनच अक्षरं सुचली.

"नाही."

"मी तेच म्हटलं हिला," तो म्हणाला, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. मग कोपऱ्यातून काहीतरी आणलं. सोफ्याची कव्हरं. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवली होती. "हे राहूनच गेलं होतं तुझं," म्हणाला आणि माझ्या हातात दिली.