कानातले घालून जिना झाडणारी बाई

अर्लीनताई जिना झाडायला निघाली की बघणाऱ्याला वाटावं, ही कुणाच्या तरी लग्नाला चालली आहे. इस्त्री केलेला मोहरीच्या रंगाचा झगा, कानात मोत्यांचे कानातले, ओठांना लाली, थंडी असली तर डोक्यावर हॅट. आणि हातात लांब दांड्याचा झाडू! वय ऐंशीच्या घरात. एक पायरी झाडायची, कठड्याला धरून दम खायची, मग दुसरी. मध्येच कोणी खाली-वर करायला आलं तर झाडू बाजूला टेकवून असं काही हसायची, की जाणाऱ्यानंच बूट पुसून पाय ठेवावा.

मी जर्मनीत बॉबलिंगेनला आले ती मुलामागोमाग. हे गेले, आणि मुलगा म्हणाला, "आई, तिकडे एकटी काय करणार?" म्हणून आले, आणि इकडे येऊन एकटी झाले. मुलगा-सून सकाळीच कामाला जायचे. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "जेवलीस का ग?" म्हटलं की "या, ओमा," म्हणजे हो, आजी. एवढ्यावर गप्पा संपायच्या. दुपारभर फ्रीजचा आवाज ऐकत बसायचं. मी सातवीपर्यंत शिकलेली. मुलाचा अभ्यास घेता घेता मीही थोडं इंग्रजी शिकले होते, पण बोलायचं कुणाशी?

अशात एका सोमवारी दार उघडलं, तर आमच्या दाराला लाकडी पाटी लटकलेली. पाटीवर झाडूचं चित्र.

तुम्हाला सांगते, माझ्या आईनं आणि वस्तीतल्या बायकांनी गावाची झाडलोट सोडली, पायघोळ लुगडी नेसायला लागल्या, तेव्हा गावानं आमचं पाणी बंद केलं होतं. त्या माझ्या आईची मी लेक. माझा मुलगा इथे इंजिनिअर. आणि आमच्याच दाराला झाडू? यांना आमची जात कोणी सांगितली? मी ती पाटी ओढून काढली आणि रागाच्या भरात समोरच्या दाराला अडकवली. तेवढ्यात ते दार उघडलं, आणि समोर अर्लीनताई. माझ्याहून काळी, माझ्याहून म्हातारी, कानातले घातलेली.

तिनं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोणी लावली? तुला वाटलं, तुलाच निवडून लावली?"

मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आमच्या लोकांना हेच काम देतात."

ती इतकी हसली, इतकी हसली, की पायरीवरच बसली. डोळे पुसत म्हणाली, "हनी, मी या देशात आले तेव्हा मीही अस्संच केलं होतं. मला वाटलं, अख्खा समुद्र ओलांडला तरी हा झाडू आलाच माझ्यामागे!"

मग तिनं समजावलं. इथे याला केरवोखं म्हणतात, झाडायचा आठवडा. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरानं आळीपाळीनं जिना झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. तिचा नवरा इथल्या अमेरिकन छावणीत सैनिक होता. त्यानं तिला हे तेव्हाच सांगितलं होतं, पण हिचा विश्वास बसेना. "वरच्या मजल्यावर डॉक्टरीण राहायची. तिचा आठवडा आला तेव्हा मी दाराच्या भोकाला डोळा लावून बसले. आणि खरंच झाडत होती ग ती! गेनाऊ, अगदी काटेकोर! कोपरेसुद्धा!"

त्या दिवसापासून तिच्या आठवड्यात मी मदतीला जायची आणि माझ्या आठवड्यात ती. जिना स्वच्छ व्हायचाच, पण आमचं बोलणं व्हायचं.

एकदा चहाला आमच्याकडे आली. भिंतीवरचा सुटाबुटातला फोटो बघत उभी राहिली. "तुझे वडील?"

"हो," मी म्हटलं. "आमच्या सगळ्यांचेच."

ती बराच वेळ फोटोतल्या टायकडे, कोटाच्या घडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आजोबांना चांगल्या कपड्यांपायी मारलं."

आजोबांचं नाव आयझया. ती म्हणायची, "नुसतं आजोबा नको म्हणू. नाव घे." आयझया पहिल्या महायुद्धावरून घरी आले ते अंगावर सैनिकाचा गणवेश घालून. तिकडे अमेरिकेतल्या त्यांच्या गावात बाजाराच्या दिवशी गोऱ्यांनी अडवलं. म्हणाले, हे कपडे उतरव, तू कोण लागून गेलास? आयझया म्हणाले, हे मी कमावलेत. त्यांना झाडाला टांगलं. कुणाला शिक्षा झाली नाही. अर्लीनताईची आई तेव्हा पाळण्यात होती. आजी जन्मभर गोऱ्यांची घरं झाडत राहिली, मागच्या दारानं आत जाऊन. "म्हणून मी झाडते ते पुढच्या दारात," अर्लीनताई म्हणाली, "आणि कानातले घालून."

मला वाटलं होतं, ही एका घराची गोष्ट. मी सुनेला म्हटलं, मला यातलं काही वाचून दाखव ग. तिनं रविवारी बसून वाचून दाखवलं. एक आयझया नव्हते हो. कितीतरी होते, गणवेशातले, बिनगणवेशातले, बायकासुद्धा. आणि लोक टांगलेल्या माणसांचे फोटो काढून घ्यायचे, नातेवाइकांना पाठवायचे. सुनेनं एक फोटो दाखवला. मी झाडाकडे बघूच शकले नाही. खालच्या गर्दीकडे बघितलं. टोप्या घातलेली माणसं, खांद्यावर पोरं. हसत होती. आमचं पाणी तोडलं तेव्हा विहिरीवर उभी असलेली माणसं मला आठवली. त्यांच्यातही बरीच ओळखीची होती.

हे मी अर्लीनताईला सांगितलं. ती म्हणाली, "मारणारे थोडेच होते, विमल. बाकीचे नुसते बघत होते. माझा राग त्या बघणाऱ्यांवर जास्त आहे."

मग तळमजल्यावर सेलाम आली. एरिट्रियाची तरुण मुलगी, कडेवर तान्हं बाळ. नवरा रात्रपाळीला. तिच्या दाराला पाटी लागली, तिनं आठवडाभर नीट झाडलं. पुढच्या सोमवारी पाटी शेजारी जायला हवी, तर पुन्हा तिच्याच दाराला. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तिच्याच! दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा आपल्या आठवड्यात पाटी गुपचूप खाली नेऊन लावायचे. मग बाकीच्यांनाही ते सोयीचं वाटायला लागलं. सगळ्यांना दिसत होतं. सेलाम बाळाला पाठीशी बांधून पायऱ्या पुसत होती. माझा मुलगा म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस. मी हाउसफेरवाल्टुंगला, बिल्डिंग सांभाळणाऱ्या कार्यालयाला, मेल करतो." मेल केला. कार्यालयाकडून काही उत्तर नाही.

स्टुटगार्टला आमच्या मराठी मंडळींचं जेवण होतं, तिथे एक बाई मला म्हणाली, "काकू, तुमच्या बिल्डिंगमध्ये आफ्रिकन आलेत म्हणे. जपून हं." याच बाईनं जेवणाआधी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, "आम्ही आलो तेव्हा कुणाला जपायला सांगितलं होतंस ग?" ती भाजी वाढून घ्यायला निघून गेली.

अर्लीनताईनं मेल वगैरे काही केला नाही. मोहरीचा झगा घातला, कानातले घातले, खाली गेली, सेलामच्या दारावरची पाटी काढली आणि जिना चढायला लागली. तिचा खुबा तेव्हा फार दुखायचा. मी झाडू घेऊन मागे. दुसऱ्या मजल्यावर तिनं बेल वाजवली.

"झी झिंड ड्रान," ती म्हणाली. म्हणजे, तुमची पाळी.

आजोबा म्हणाले, "पण ती मुलगी चांगलं झाडते की."

"चांगलंच झाडते. तिच्या आठवड्यात."

आजोबा बरंच काय काय बोलले. ती उभीच. आवाज चढवणं नाही, जागचं हलणं नाही. शेवटी त्यांनी पाटी घेतली.

खाली येताना मी विचारलं, "ताई, भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना! म्हणून तर कानातले घालते."

त्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. मी रोज बसनं दवाखान्यात जायची. तिचा मुलगा अमेरिकेत, यायला निघाला होता. एका दुपारी ती म्हणाली, "विमल, पाटी परत खाली जाईल बघ."

मी म्हटलं, "तू घरी येशील तेव्हा बघू."

"मी नाही आले तर?"

"मला जर्मन येत नाही ग."

ती हसली. "तीन शब्द लागतात. बाकी नुसतं उभं राहायचं असतं." माझ्याकडून ते तीन शब्द तिनं घोकून घेतले. नर्स आली तर तिलाही म्हणायला लावले. दोन दिवसांनी ती गेली. मुलगा आला, अस्थी घेऊन गेला, घर रिकामं झालं. जाताना त्यानं माझा हात धरून काहीतरी म्हटलं, मला धड ऐकूही आलं नाही.

आणि पाटी खाली गेलीच. पुढच्याच फेरीत, आजोबांच्या आठवड्यात, सेलामच्या दाराला.

मी कपाटातली पांढरी साडी काढली. हे गेल्यापासून कानात काही घातलं नव्हतं, ते डब्यातले कुडे काढून घातले. भोकं बुजत आली होती, दुखलं. पाटी काढली, चढले, बेल वाजवली.

"झी झिंड ड्रान."

आजोबा बोलायला लागले. मला एक अक्षर कळलं नाही. एका अर्थी बरंच झालं. जिन्यातला दिवा इथे आपोआप विझतो. तो विझला. मी बटण दाबलं, आणि पाटी पुढे धरून उभी राहिले. पुन्हा विझला, पुन्हा दाबलं. शेवटी त्यांनी पाटी हातातून घेतली आणि दार लावलं. पाटी आपल्या दाराला लावतात की टाकून देतात, काय ठाऊक.

शनिवारी सकाळी चहा करत होते, तर वरून आवाज आला. खर्र, खर्र. थांबून थांबून, म्हातारपणाचा झाडू. मी गॅस बंद केला, धावत दार उघडलं आणि समोरच्या दारावर थाप मारली, "ताई, ऐकलंस का?"

दारावरची नावाची पट्टी काढलेली होती. मी तिथेच उभी राहून, झाडू आमच्या मजल्यापर्यंत उतरेस्तोवर ऐकत राहिले.