पुतळाचं ताट आणि मंगळवारची अंडी

“तुज्या कोंबड्यांनीच माज्या घरात रोग आनला!” बायजाबाईचा आवाज आमच्या ओटीपर्यंत आला.

“आय, काय पन बोलते!” तिचा गोटीराम म्हणाला.

“तूच सांगितलंस ना, कोंबडीला व्हायरसनं गाठ होते म्हनून? मंग! आजपासून पुतळाचं ताट पडवीत.”

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. मोरा बंदरात गोटीराम आमचा शेजारी. दर मंगळवारी पिल्लू धरणारी अंडी तुसात रचून तो लाँचनं मुंबईच्या एका लॅबमध्ये पोचवायचा. अजून मंगळवारी लाँचचा भोंगा वाजला की माझी मान वळते. त्या अंड्यांवर तिथल्या मॅडम कॅन्सरचा अभ्यास करायच्या. गोटीरामनं ते कौतुकानं घरी सांगितलं, आणि तेच अंगाशी आलं. कारण त्याच्या बायकोला, पुतळाला, नुकताच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता.

“वैनी, दुखन्याचं नाय वाटत,” पुतळा मला म्हणाली. “एकटीला घास उतरत नाय.”

पुढच्या मंगळवारी गोटीरामनं मॅडमना विचारलं आणि संध्याकाळी आम्हां सगळ्यांना ऐकवलं. व्हायरस पेशीत शिरतो नि तिच्याकडूनच आपलं प्रोटीन बनवून घेतो. (प्रोटीन मला डाळीतलं ठाऊक, हे निराळं.) कुठलं काम कधी चालू, कधी बंद, हे पेशीतले जीन्स बघतात. ते प्रोटीन बंद असलेलं चालू करतं, चालू असलेलं बंद. मग पेशीला ‘पुरे’ म्हणणारं कुणी राहत नाही, ती वाढतच सुटते. पण कोंबडीचा तो व्हायरस माणसाला गाठ करत नाही. बायकांच्या ह्या रोगात दुसऱ्याच व्हायरसचा संशय आहे, आणि तोही ताटातांब्यातून लागत नाही.

“मॅडमचं काय जातंय सांगायला!” बायजाबाई फणकारली.

गोटीराम वाद घालत बसला नाही. पडवीत जाऊन पुतळाच्या ताटात जेवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. सहाव्या दिवशी बायजाबाईनंच ते ताट उचलून चुलीपाशी आणलं.

“रोज कालवन घेऊन पडवीत कोन जानार? माजे गुडघे गेले!”

पुतळा पुढं दीड वर्ष जगली. जेवली ती सगळ्यांच्या पंगतीत.

गोटीराम अंडी नेतच राहिला. एकोणनव्वदच्या थंडीत एका मंगळवारी छातीत कळ येते म्हणाला. मी म्हटलं, “आज राहू दे.”

“मॅडम वाट बघतील, वैनी.”

तसाच लाँचवर चढला. अंडी दिली, आईसाठी धक्क्यावरून विडा घेतला, दुपारच्या लाँचनं परत आला. तो त्याचा शेवटचा मंगळवार.