सीलमावशीची खिडकी

पाकीट नीट बंद झालं की नाही, हे सीलमावशीला नाकाने कळायचं. पायाने मशीन दाबायची, प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला की न बघताच पाय उचलायची. लोणावळ्यातल्या त्या चिक्कीच्या कारखान्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे; पाकिटं सील करायची म्हणून सीलमावशी. मी मळवलीची. सकाळी कॉलेज, दुपारी तिच्या शेजारच्या मशीनवर.

खोलीला खिडकी एकच, तीही पावसाळाभर बंद. धुकं आत आलं की चिक्की नरमते. त्यामुळे तो वासही आमच्याबरोबर कोंडलेला. संध्याकाळी मावशी कपाळाला फडकं आवळून बांधायची आणि म्हणायची, "आज वास चढलाय." दुसरं काम का बघत नाही, असं मी एकदा विचारलं. भातलावणीला तिचे गुडघे चालत नव्हते. बंगल्यांवर राखणीला जोडपंच लागायचं, आणि ती एकटी.

त्या वर्षी कॉलेजात शिकवलं, की प्लॅस्टिकमधली रसायनं आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासातून, खाण्यातून रक्तात जाऊ शकतात. रक्तातलं नको ते मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून एक आडकाठी असते, पण काही कण तीही ओलांडत असावेत. नाकातूनही एखादी वाट असेल. सगळीकडे 'असावेत', 'असेल'. मी भीतभीत मावशीला सांगितलं.

"म्हंजी माज्या डोक्यात पिशव्या भरल्यात व्हय?" बाकीच्या बाया हसल्या. मग ती हळूच म्हणाली, "नक्की हाय का पर?"

नक्की अजून कुणालाच माहीत नाही, असं मी म्हणाले.

"चिक्की नरमती, ह्ये मातर नक्की हाय, बाय."

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेल्यावर मी खिडकी उघडली. थोडा वेळ उघडी राहिली तर काय बिघडतंय, असं वाटलं होतं. ती परत आली तेव्हा परातीतले तुकडे बोटांना चिकटत होते. मालक आले. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "म्या उगडली. डोकं दुकत व्हतं." मालकांनी तिथेच खिडकीला खिळे ठोकले. ते ठोकत असताना तिने एवढंच मागितलं, "हिला फुडं दुकानात बशिवा. अभ्यासाचं डोकं हाय तिचं."

म्हणजे माझं म्हणणं तिला पटलं होतं. माझ्यापुरतं.

पुढे दोन वर्षं मी पुढच्या दुकानात, रस्त्यावरच्या मोकळ्या हवेत चिक्की विकली. रोज निघताना आत डोकावायचे, आणि ती विचारायची, "झालं का नक्की?" मी नाही म्हणून मान हलवायचे. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायच्या दिवशीही तिने तेच विचारलं. अजून नाही, मी म्हणाले.

"झालं की सांगाया ये," ती म्हणाली आणि मशीनवर पाय ठेवला.

मी अजून गेलेले नाही.