न घातलेले दोन टाके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मध्यंतरी छातीत कळ आली आणि आता संपलं असं वाटलं, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर हीच गोष्ट मी तुम्हाला वेगळी करून सांगितली असती — आणि ती वेगळी गोष्ट मी फार छान सांगतो.

परवा सेलूला आमच्या जुन्या वाचनालयात कार्यक्रम होता. परभणीहून एक मुलगी आली होती, वाचकांना मोबाइल सांभाळायला शिकवायला. पासवर्ड कसा ठेवायचा, आपण काय शोधलं, काय वाचलं ते दुसऱ्याला कसं दिसू द्यायचं नाही, कुणी गोड बोलून मोबाइलवर आलेला आकडा मागितला तर काय म्हणायचं. चुणचुणीत पोरगी. शेवटी अध्यक्षांनी मला उभं केलं, खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाले, मोबाइल नव्हते तेव्हा हेच काम आमचे हे ग्रंथपाल सुई-दोऱ्याने करायचे. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. काय करणार होतो? भर सभेत सांगणार होतो?

बरं, अध्यक्ष खोटंही बोलले नव्हते. मी शिकवायचोच. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावागावांत माणसं दोन बाजूंना उभी होती, आणि कोण काय वाचतो यावरून तो कुणाचा हे ठरायचं. वाचनालयात वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेली निम्मी माणसं वाचत नसायची, ऐकत असायची. म्हणून मी प्रत्येक नव्या वाचकाला हळूच सांगायचो — पुस्तकाचं नाव घेऊ नका, नंबर सांगा. आत खुणेला स्वतःची चिठ्ठी ठेवू नका. पानावर नाव लिहू नका. आणि घरी जड जाईल असं काही नेत असाल तर कव्हर घाला. खळीने चिकटवू नका, झुरळं खातात. दोन्ही कोपऱ्यांना एकेक टाका घाला. वर लिहायचं ते असं लिहा की कुणाला उघडून बघावंसं वाटू नये. इथं जे वाचलं ते इथंच राहतं, हे माझं वाक्य. मला त्या वाक्याचा फार गर्व होता.

हे सगळं ज्यांनी मन लावून पाळलं त्यांत पहिलं नाव कुसुमताईंचं. नाव बदललंय. पिंगळीची मुलगी, नववीपर्यंत शिकलेली, सेलूजवळच्या एका गावात मोठ्या शेतकऱ्याच्या घरी दिलेली. सासऱ्याला सगळं गाव मालक म्हणायचं. ती वाचनालयात एकदाच आली, नवऱ्यासोबत, नाव घालायला. पुढे मालकांचा सालगडी किसन बाजाराला यायचा, त्याच्या पिशवीतून पुस्तक यायचं आणि जायचं. सोबत चिठ्ठी, तीवर फक्त नंबर. कव्हर तिनेच केलं होतं, खाकी कागदाचं, आतून कापड लावलेलं, आणि वर सुरेख अक्षरात ‘विणकाम आणि भरतकाम’. वाचून झालं की पुस्तक त्याच कव्हरात परत येई. मी दोरा कापायचो, नवं पुस्तक आत बसवायचो, दोन टाके घालायचो. त्या कव्हरात काय काय गेलं म्हणून सांगू! एखादी बाई इतकं वाचू शकते, आणि तेही घरच्या रगाड्यातून, हे मी तिच्यामुळे पाहिलं.

पिशवी आधी मालकांसमोर ओसरीवर ठेवायची, हा त्या घरचा दंडक. मालक पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, विणकाम लय चाललंय, पण स्वेटर काही दिसंना. सारखं सारखं म्हणू लागले तेव्हा ती बिचारी खरंच विणायला शिकली. सुनेने विणलेला मफलर मालकांच्या गळ्यात आला. हिरवा. मला तो हिरवा रंग अजून दिसतो, कारण त्या दिवशीही तो त्यांच्या गळ्यात होता.

त्या दिवशी म्हणजे — आता सांगायलाच हवं. आम्ही धनगर. मी शिकलो, सावलीत बसलो, पण बाप मालकांच्याच गावात मेंढरं राखायचा. हिवाळ्याचे दिवस, ज्वारी उभी. मालकांनी आळ घेतला की आमच्या मेंढरांनी त्यांची ज्वारी खाल्ली. खाल्ली असेल, नसेल. कळप अडवून त्यांनी पारासमोर आणला आणि त्यातली दोन कोकरं आपल्या माणसांना उचलायला लावली. निरोप मिळाला तसा मी सायकल हाणत गेलो. बाप म्हणत होता, माझी दोन कमी हायती. मालक म्हणाले, मोजून दाखव. बाप मोजू लागला की त्यांची माणसं काठी घालून मेंढरं हलवायची. बापाचा आकडा चुकायचा. पुन्हा मोज. पुन्हा चुकायचा. सगळा पार हसत होता. आणि मग मालकांनी मफलर सावरत म्हटलं,

“पोरगं तुजं बुकं मोजायलंय म्हणं सेलूत. अन् तुला मेंढरं मोजता येईनात व्हय रं?”

बापाने माझ्याकडे पाहिलं. मला मोजता येत होतं. मोठ्याने म्हणता येत होतं की काठी थांबवा, ती कोकरं तुमच्या माणसाच्या बगलेत आहेत. मी काय केलं? मी सायकलच्या हँडलकडे पाहत उभा राहिलो. बाप त्यानंतर माझ्याशी पुष्कळ बोलला, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. मालकावर सगळं गाव असंच हसलं पाहिजे. त्याच्या दारात, त्याच्या तोंडावर. मी जेवताना तेच घोळवायचो. कपाटं झाडताना तेच. लोक म्हणतात सूड माणसाला पोखरतो. मला काही पोखरलं नाही. उलट माझी तब्येत सुधारली, भूक लागायला लागली.

आणि एक दिवस किसनच्या पिशवीतून चिठ्ठी आली. नंबर पाहिला आणि मी जागीच बसलो. गावकुसाबाहेर वाढलेल्या एका माणसाने स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेलं पुस्तक. नुसत्या नावावरून कळावं, कुणाचं आहे ते. आणि मालक कोण? नामांतर होऊ देणार नाही म्हणून आजूबाजूच्या गावांत सभा घेत फिरणारा माणूस.

मी पुस्तक काढलं. कव्हर चढवलं. सुईत दोरा ओवलेला होता. मी सुई परत रिळात टोचून ठेवली.

एवढंच केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. एवढंच नव्हतं. आतल्या घड्या मी बोटाने सैल केल्या. पुस्तक उभं धरून हलवून पाहिलं, कव्हर सुटतंय ना म्हणून. आणि किसनला चहा पाजून बसवून ठेवलं, कारण दिवस कलल्यावर मालकांच्या ओसरीवर बैठक भरते हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. किसनला वाचता येत नव्हतं. त्याच्याच लोकांचं पुस्तक तो पिशवीत घालून घेऊन गेला.

पुढचं किसननेच सांगितलं. ओसरी भरलेली होती. मालकांनी नेहमीसारखं पुस्तक उचललं, चारचौघांना दाखवायला वर धरलं, आमच्या सूनबाईचं विणकाम बघा म्हणाले — आणि कव्हर हातात राहिलं, पुस्तक खाली पडलं. शेजारच्या माणसाने उचलून नाव मोठ्याने वाचलं. कुणीतरी म्हणालं, मालकाच्या घरातच नामांतर झालं की. मग जो हशा पिकला तो म्हणे पारापर्यंत ऐकू गेला. मी किसनला ते पुन्हा सांगायला लावलं. किती जण हसले, असंही विचारलं. त्या आठवड्यात मालक सभेला गेले नाहीत. मी घरी येताना भजी घेऊन आलो. बापाला नेऊन दिली, का ते सांगितलं नाही.

इथवर ऐकून तुम्हालाही थोडं बरं वाटलं असेल, नाही? मलाही इथेच थांबायला आवडतं.

पण मालक मोठ्या आवाजाचे, आणि ओसरीवरून उठून आत गेले की तिथे समोर कोण होतं? पुस्तक त्याच संध्याकाळी चुलीत गेलं. आणि मालकांनी सुनेला सांगितलं, तुला त्यांचा लय कळवळा आलाय ना, मग त्यांच्यावाणीच ऱ्हा. तिचं ताट वेगळं केलं. पेला बाहेर, गोठ्याच्या खिळ्याला. पाणी वरून ओतायचं, भाकरी वरून टाकायची. अंथरूण गोठ्याकडच्या खोलीत. नवरा बघत होता. तोही माझ्यासारखाच, कशाकडे तरी मान खाली घालून बघत असणार. पुरा महिना हे चाललं.

किसन म्हणाला, “आमाला वाढत्यात ना, तसंच वाढायलेत वैनीला. वरून.” वर म्हणाला, “आमाला तर रोजचंच हाय म्हणा.”

आता विचारा मला — असं होईल हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. अगदी ताट-पेल्याचं नसेल, पण मार तिलाच बसणार हे सुई रिळात टोचतानाही ठाऊक होतं. मला तिची दया आली का? नाही आली. मला वाटलं, विणत होतीस ना मफलर त्याला! तिने तो का विणला हे जगात फक्त मला माहीत होतं, तरी मला असंच वाटलं. आणि त्या पुस्तकाचं काय? एका माणसाने जीव ओतून लिहिलेलं. मी ते मालकाच्या अंगावर शेण फेकावं तसं फेकलं. म्हणजे मालकाच्या घराला त्या पुस्तकाचा विटाळ होतो हे मालकाइतकंच मलाही मान्य होतं. नसतं, तर माझा सूड पुरा झालाच नसता.

मालक आमच्या अध्यक्षांकडे आले होते. मेंढक्याच्या पोराने मुद्दाम केलं असणार, त्याला काढा म्हणून. अध्यक्षांनी मला बोलावलं. माझी नोकरी जाणार, हे मी जवळजवळ धरूनच चाललो होतो. पण त्याआधीच कुसुमताईने घरात सांगून टाकलं होतं की ग्रंथपालांना यातलं काही माहीत नाही. कव्हर माझं, वरचं खोटं नाव माझं, ते बिचारे चिठ्ठीवरचा नंबर बघून पुस्तक काढतात. मालकांनी तेच अध्यक्षांना सांगितलं होतं, वर आपला त्यावर विश्वास नाही असंही म्हणाले होते. अध्यक्षांनी मला विचारलं, हे खरं का? मी म्हणालो, हो, मी नुसता नंबर बघतो. नोकरी राहिली. त्याच नोकरीची ही शाल.

मालक पुढे बरीच वर्षं जगले. मेले त्या दिवशी मी मुद्दाम तिरडीमागे गेलो, खात्री करून घ्यायला. घरी येऊन आंघोळ केली आणि पोटभर जेवलो. याबद्दल मला आजही काही वाटत नाही. तो हिशेब वेगळा.

पण त्या महिन्यानंतर, एका बाजाराच्या दिवशी, ती वाचनालयात आली. नवरा बाहेर रस्त्यावर उभा होता, आत आला नाही. दुपारची वेळ, वाचायला कुणी नव्हतं. ती वाळली होती. बसा म्हटलं तर बसली नाही. नाव कमी करायला सांगितलंय, म्हणाली. पुस्तक जळालं त्याचं वाईट वाटतंय, दुसऱ्या कुणाला आता ते मिळणार नाही, असंही म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला वाटलं, हिला कळलंय. आता विचारेल. विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं का? माहीत नाही. तिने विचारलं नाही.

“माझीच चूक झाली भाऊ,” ती म्हणाली. “कव्हर जुनं झालं होतं, टाके धरीनात. तुम्ही तर सगळ्यांना सांगता, मीच नवं करायला पाह्यजे होतं. तुमच्यावर उगा आळ यायलता.”

मी टेबलामागे बसलो होतो. रीळ समोरच होतं, सुई टोचलेली. मी म्हणालो, “असू द्या ताई. होतं असं कधीकधी. पुढच्या वेळी जरा जपा.”

तिने मान हलवली. दारापर्यंत गेली, आणि मी रागावलो नाही म्हणून वळून मला हात जोडले.