एकाच शालीचा सत्कार
नव्या शालीचा घासलेटासारखा वास आला की मी अजून दोन पावलं मागे सरते. मागे एकदा आम्हा सिस्टर लोकांचा हुरूप वाढावा म्हणून आमच्या दवाखान्यात सत्कार ठेवला होता. चौसाळ्याहून आलेली बाई कळा देत असताना मला तिच्याजवळून उठवून नेलं. पुढाऱ्याने माझ्या खांद्यावर शाल टाकली, तेवढ्यात तिची सासू ओरडली, "सिस्टर, पळा, लेकराचं डोकं दिसायलंय!" मी शालीसकट धावले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, शालीचं टोक मात्र रक्ताने भिजलं. क्लार्क दारातच उभा होता. "सिस्टर, शाल द्या की. एकच आणलीय, बाकीच्यांचे फोटू ऱ्हायलेत." त्याने डाग आत जाईल अशी घडी घातली आणि ती पुढच्या सिस्टरच्या खांद्यावर चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंदा सत्काराच्या यादीत माझं नाव पहिलं आहे; मी त्या दिवशीची रजा टाकून मोकळी झाले.