जबाबात नसलेली कडी

भूतबित मी कधीच मानलं नाही. वकील आहे, पुराव्याशिवाय ही माझंसुद्धा ऐकून घेत नाही, असं आई म्हणते. तरी हे लिहितेय... कारण तीन आठवडे झाले, धड झोप नाही.

मी सांगलीची. बेंगळुरूला क्रिमिनल लॉमध्ये एलएलएम करतेय. डिझर्टेशनचा विषय — मृत्युपूर्व जबाब. मरणाऱ्या माणसाच्या शब्दाला कोर्टात किती वजन द्यायचं, हा. असे बरेच जबाब नोंदवलेल्या एका निवृत्त तहसीलदारांना भेटायला मी शहरातल्याच येलहंकाला गेले. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले मराठी गृहस्थ, गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुपारचे तीन, लख्ख ऊन. घरात ते एकटेच.

तीस वर्षांपूर्वीची एक केस त्यांनी सांगितली. भाजलेली तरुण बाई, सरकारी दवाखाना. "स्टोव्ह भडकला, एवढंच बोलली बघ. नवरा सुटला." मग जबाबाची प्रत आणायला ते आतल्या खोलीत गेले.

मी नोट्स काढत होते. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात एक बाई. पदर तोंडावर ओढलेला. कामाला येत असेल, असं वाटलं.

"अक्का, स्वल्प... जरा ऐका," ती अगदी हळू म्हणाली. "सगळं नाही लिहिलं त्यांनी. बाहेरून कडी होती. दोनदा सांगितलं."

तेवढ्यात अण्णा आले. मी तिकडे पाहिलं — दारात कुणी नाही.

"अण्णा, त्या केसमध्ये दाराला बाहेरून कडी होती का?"

त्यांच्या हातातला कागद गळून पडला. "कुणी सांगितलं तुला?"

"आतल्या बाईंनी."

"आत कुणी नाही, अम्मा."

मी जाऊन पाहिलं. स्वयंपाकघर रिकामं, मागच्या दाराला आतून कुलूप. बॅग उचलली, पुढच्या दाराकडे धावले, दार ओढलं... उघडेना! मी किंचाळत दारावर मुठी आपटत राहिले. शेवटी समोरच्या घरातल्या काकूंनी धावत येऊन दार उघडलं. बाहेरून कडी लागली होती.

"कुणी घातली ही?" काकूच मला विचारत होत्या. "मी केव्हाची ओट्यावर बसलेय, कुणी आलं नाही इकडे."

मागे वळले तर अण्णा जमिनीवर बसून रडत होते.

"म्हणाली होती गं ती. आपल्यातलीच होती, मराठीत बोलली. नवरा दारात उभा, डॉक्टरांची घाई... मला वाटलं, भ्रमात बोलतेय. सोडून दिलं मी."

चार दिवसांनी त्यांनी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पाठवलं. चिठ्ठीत एकच ओळ — छाप, माझ्या नावासकट.

काल माझ्या गाइड मॅडमनी डिझर्टेशनमधलं ते प्रकरण वाचलं. खूश झाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण मूळ जबाबात कडीचा उल्लेखच नाही. मग त्यांना नेमकं हेच विचारायचं तुला सुचलं कसं?"